मुलुंड ते मांडवा सायकलने, येताना बोट : दोघींचा वेग एक कसा ठेवायचा?

खाडीपल्याड

मुंबईतून एका दिवसात होईल, शंभराच्या वर भरेल आणि परतीच्या रस्त्याची धास्ती नसेल असा सायकलचा मार्ग इथे बऱ्याच जणांनी विचारला होता. माझं उत्तर : मुलुंड, ऐरोली, पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, मांडवा. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मांडव्याला सायकल रो-रोत, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीत, चढवायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. मी आणि माझी मैत्रीण जानेवारीत हा रस्ता करून आलो.

धागा मात्र मार्गापेक्षा दुसऱ्या एका गोष्टीसाठी काढतेय. आम्हा दोघींच्या दमात खूप फरक आहे. ती बीआरएम करते, म्हणजे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत अशा ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या राइड. मी पवई, ठाणे, फार तर येऊरपर्यंत जाणारी. अशा जोडीत नेहमी काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. दमदार माणूस पुढे निघून जातो आणि चढ संपला की थांबतो. मागचा धापा टाकत पोचतो तोवर पुढच्याची विश्रांती झालेली असते. मग "चल, निघू या?" ज्याला विश्रांतीची जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. दिवसभर हेच चाललं की संध्याकाळपर्यंत मागच्याचं मन सायकलीवरून उडतं. बरोबर गेले, पण एकत्र चालवली नाही, असं होतं.

आम्ही निघण्याआधी दोनच गोष्टी ठरवल्या. चढाला मी पुढे, वाऱ्यात ती पुढे. आणि थांबा घ्यायचा तो दोघी पोचल्यावर मोजायचा, पहिली पोचली तेव्हापासून नाही.

यामागचं कारण साधं आहे. चढावर वेग इतका कमी असतो की दुसऱ्याच्या मागे राहून वाऱ्याला मिळणाऱ्या आडोशाचा फायदा जवळजवळ होत नाही. तिथे दमदार माणूस पुढे असला तर मागचा त्याचं चाक गाठायच्या नादात आपल्या ताकदीबाहेर जातो. हळू चालवणारी पुढे असली की वेग तिचा राहतो. सपाटीवर समोरून वारा असला की सगळं उलटं. तिथे जास्तीत जास्त ताकद हवा कापण्यातच जाते, आणि जवळून मागे राहणाऱ्याचे कष्ट स्पष्ट जाणवतील इतके कमी होतात.

पहाटे पाचला निघालो. जानेवारीत उजाडायला सात वाजतात, त्यामुळे पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा दोघींच्या सायकलींना होता, अंगात चमकपट्टीचं जाकीट होतं. ऐरोली पूल, मग ठाणे-बेलापूर रस्ता, हा पहिला टप्पा अंधारातच उरकलेला बरा, कारण एमआयडीसीची वर्दळ सुरू व्हायच्या आत तुम्ही बेलापूरला असता. पुलांच्या जोडांवरून जाताना चाक सरळ ठेवा, तिरकं गेलं तर बारीक टायर फटीत अडकतो. कळंबोलीला नवख्या माणसाने जरा जपून : एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, पनवेल गावाकडची बाजू धरून जुन्या हायवेने पळस्पे फाट्याला यायचं. तिथून गोव्याचा रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ६६.

कर्नाळ्याच्या खिंडीचा चढ सह्याद्रीच्या घाटांपुढे किरकोळच, पण सकाळी तिथे जी हवा असते ती मुंबईत वर्षभर मिळत नाही. दोन्ही बाजूला अभयारण्याची झाडी, वर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. ठरल्याप्रमाणे मी पुढे होते. मागून तिचा आवाज यायचा, "गिअर हलका कर, पाय फिरू दे." एवढंच. अख्ख्या चढात तिने एकदाही पुढे काढली नाही. स्वतःचा वेग सोडून दुसऱ्याच्या वेगाने घाट चढणं अवघड असतं, तिला सुरुवातीला लय सापडेना हे मला मागच्या आवाजावरूनही कळत होतं. तरीही तिने ते केलं याचं मला फार अप्रूप आहे.

पेणला पोहे, चहा, आणि एसटी स्टँडवर स्वच्छतागृह. बायकांसाठी हे आवर्जून लिहितेय. हायवेवरच्या पेट्रोलपंपांना हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ही सोय मोफत द्यावी लागते. बिनधास्त विचारा. पाणी कमी प्यायचं म्हणजे थांबावं लागणार नाही, हा विचार करून बायका निघतात आणि दुपारी डोकं धरून बसतात.

पेणच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे रस्त्याच्या कडेला विखुरतात, आणि सायकल नेमकी कडेनेच चालते. मैत्रिणीने ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला. एका ठिकाणी कापसाचे धागे अडकले, तिथे तार. बोटाने ती लागली नसती, किंवा लागली असती ती बोटात शिरून. छोट्या चिमट्याने ती ओढून काढली. नुसती ट्यूब बदलून निघालो असतो तर पुढच्या दोन किलोमीटरवर परत तेच. किटमध्ये कापूस आणि छोटा चिमटा ठेवाच.

वडखळला उजवीकडे वळलं की रस्ता बदलतो. धरमतरचा पूल, खाडी, दोन्ही बाजूंना खारेपाटाची, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीची, सपाट शेतं, मधे मधे तळी. रस्ता अरुंद आहे आणि शनिवार-रविवारी अलिबागला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. आम्ही मुद्दाम मधल्या वारी गेलो. पोयनाडजवळच चरी गाव आहे. खोतांविरुद्ध १९३३ साली इथल्या कुळांनी शेती करायचंच बंद केलं आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संप सहा वर्षं टिकला. सहा वर्षं शेत पडीक ठेवून पोट कसं भरलं असेल या लोकांनी? गाडीत बसून गेले तेव्हा हा रस्ता वीस-पंचवीस मिनिटांचा होता. सायकलीवरून ती शेतं संपता संपत नाहीत आणि प्रश्न बरोबर येत राहतो.

साडेअकराच्या सुमारास वारा फिरला. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा असतो. ऊन चढलं की जमीन तापते आणि समुद्राकडून, आपल्याकडे बहुतेक वायव्येकडून, वारा सुरू होतो. वडखळ ते अलिबाग तुम्ही पश्चिमेला जाता आणि अलिबाग ते मांडवा उत्तरेला, म्हणजे दिवसाचा शेवटचा सगळा भाग तो तोंडावर. कार्लेखिंड उतरल्यावर ती पुढे झाली. चोंढी, झिराड ते थेट मांडव्यापर्यंत मी तिच्या चाकामागे दीड-दोन हातांवर होते. खड्डा आला की ती हाताने खूण करायची, ब्रेक लावायचा तर आधी ओरडून सांगायची. मला फक्त तिचं मागचं चाक आणि तिची पाठ दिसत होती. एकटी असते तर मी तिथे टेम्पो शोधला असता.

संध्याकाळच्या रो-रोला आम्ही वेळेत होतो. बोटीच्या वेळा वारानुसार आणि हंगामानुसार बदलतात, त्या आदल्या दिवशी बघून घ्या. सायकलचं तिकीट वेगळं. तासाभरात भाऊचा धक्का.

आता तुमच्या जोडीत तुम्ही काय करता ते सांगा.

सुसाट

छान लिहिलंय. पण चढाबद्दल असहमत. दमदार माणसाला अगदी हळू चढायला लावलं तर त्याचे पाय भरून येतात. ठरावीक लयीपेक्षा खूप हळू फिरवणं गुडघ्यालाही चांगलं नाही. आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाने घाट आपापल्या वेगाने चढायचा आणि माथ्यावर भेटायचं हा नियम आहे. बोरघाटात तर दुसरा पर्यायच नाही. खोपोली ते खंडाळा पाचशे मीटरच्या आसपास चढायचं असतं.

खाडीपल्याड

सुसाट, तुमचा मुद्दा मोठ्या घाटाला लागू आहे हे मान्य. बोरघाटात मीही म्हणेन की तू हो पुढे, शिंगरोबाच्या देवळापाशी थांब, तिथून पुन्हा एकत्र. म्हणजे घाटाचे दोन तुकडे करायचे. कर्नाळा किंवा कार्लेखिंडीसारख्या छोट्या चढाला मात्र कोणाचेही पाय भरून येत नाहीत. आणि हलका गिअर घेतला की हळू वेगातही पाय त्याच लयीत फिरतात, ती तेच करत होती. माथ्यावर भेटायचं असेल तर एकच विनंती : मागचा पोचल्यावर त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत सायकलवर टांग टाकू नका.

रानमोगरा

"पहिली पोचली तेव्हापासून नाही" हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं :-) पुढच्या रविवारी बघू.

एक शंका. चाळीस-पन्नास किलोमीटर झाले की माझा डावा गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. सव्वाशे जमेल का? सीट कमी उंचीवर ठेवली आहे, पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून.

सुसाट

रानमोगरा, सीट वर घ्या. गुडघा पुढून दुखतो तेव्हा बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा जड गिअर रेटलेला असतो. मागून दुखत असेल तर सीट जास्त वर गेलेली असते. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली आणा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवाल तेव्हा गुडघ्यात हलका बाक राहतो. सीटवर बसून पाय जमिनीला टेकायची गरज नसते, थांबताना सीटवरून पुढे उतरायचं. एकदम दोन इंच वाढवू नका, थोडं थोडं करत आठवडा-दोन आठवडे चालवून बघा. तरीही दुखलं तर डॉक्टरांना दाखवा, सायकलवाल्यांच्या सल्ल्यावर राहू नका.

पेणकर

आमच्या गावावरून गेलात आणि पोहे खाऊन गेलात, छान वाटलं. पण ताई, जानेवारीत खारेपाटातून जाऊन पोपटीबद्दल एक शब्द नाही? वालाच्या शेंगा तयार झाल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, वांगी, मांसाहारी असाल तर चिकन आणि अंडी, मडकं उपडं करून भोवती जाळ. रात्रीचं काम आहे हे, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. आणि ती जी तळी दिसली म्हणता, त्यात जिताडा मासा वाढतो. पाहुणा आला की तळ्यातला जिताडा, अशी इकडची पद्धत.

सायकलवाल्यांना एक सांगणं. हमरापूर फाट्यापासून पेणपर्यंत गणपतीच्या कारखान्यांची माल भरायची वाहतूक गणपतीच्या आधी दोन-तीन महिने प्रचंड असते. मूर्ती भरलेला टेम्पो चालवणारा खड्डे चुकवत, वळणं घेत चालवतो, त्याचं लक्ष मूर्तीत असतं. त्याच्या बाजूने पुढे काढू नका. तसंही पावसात हा रस्ता सायकलला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत या.

खाडीपल्याड

पेणकर, पोपटीसाठी मुक्कामच करायला हवा. दिवसाच्या राइडमध्ये ते सुख बसत नाही याची खंत आहे. टेम्पोबद्दलची माहिती अगदी कामाची, हे बाहेरच्या माणसाला कधीच कळलं नसतं.

गिरगाव_चौपाटी

उलटं का नाही करत? सकाळच्या पहिल्या बोटीने मांडवा, मग अलिबाग, वडखळ, पेण, पनवेल करत घरी. दुपारचा वारा पाठीवर मिळेल आणि बोट चुकायची भीतीही नाही.

खाडीपल्याड

आम्ही यावर बराच खल केला होता. अलिबाग ते वडखळ वारा पाठीवर मिळेल हे खरं, पण दहा-अकराच्या आत तुम्ही तिथून गेलेले असाल, तेव्हा तो सुरूच झालेला नसतो. पेणहून पनवेलकडे उत्तरेला जाताना वायव्येचा वारा डावीकडून येतो. आपण डाव्या कडेने चालतो, म्हणजे तो आपल्याला ट्रकच्या दिशेने ढकलतो. समोरचा वारा दमवतो, पण हा बाजूचा वारा मला जास्त धोक्याचा वाटतो. ट्रक शेजारून गेला की क्षणभर वारा अडतो आणि मग एकदम झोत बसतो, हॅन्डल हलतं. त्यात कळंबोलीचं जंक्शन अंधार पडताना, थकलेल्या अवस्थेत. बोट चुकायची भीती मात्र आमच्या बाजूला आहेच. म्हणून आम्ही ठरवलं होतं की दुपारी एकपर्यंत अलिबाग आलं नाही तर कार्लेखिंडीतूनच मांडव्याचा फाटा धरायचा, अलिबाग सोडायचं.

जुनं पायडल

माझं वय बासष्ट. बिनगिअरची, बावीस इंची काळी सायकल आहे, रोज भांडुप ते विक्रोळी चालवतो. ही बाकी मंडळी हजारोंच्या सायकली घेऊन निघतात. माझ्या सायकलवर हा रस्ता होईल का? खरं सांगा, मन राखायला नको.

खाडीपल्याड

काका, होईल. रस्त्यात खरे चढ दोनच, कर्नाळा आणि कार्लेखिंड, आणि दोन्ही ठिकाणी उतरून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलात तरी दिवस बिघडत नाही. रोज चालवणाऱ्याचे पाय असल्या अंतराला तयार असतात, जे तयार नसतं ते बूड आणि मनगट. आधी मुलुंड ते पनवेल आणि परत असं एकदा करून बघा, तेच ऐंशीच्या आसपास भरेल. ब्रेकचे रबर नवे टाका, चेनला तेल द्या, मागे दिवा लावा. पंक्चरचं काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येत असणार. वेळ जास्त लागेल, म्हणून पहाटे चारला निघा आणि अलिबाग गाव सोडा. डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या, हे मात्र मी कोणालाही सांगेन. आणि सोबत कोणीतरी असू द्या, एकटे नका येऊ.

सुसाट

पाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. कोकणपट्टीत हवा दमट, घाम वाळत नाही, त्यामुळे अंग गार होत नाही आणि शरीर आणखी घाम काढत राहतं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ उतरतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. साडेसातशे मिलीच्या बाटलीत अख्खं टाकू नका. लिटरभर करून दोन बाटल्यांत वाटून घ्या. कोकम सरबत मीठ घालून तेही उत्तम. खाणं दर तासाला थोडं : केळं, खजूर, राजगिऱ्याची वडी. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

पेणकर

अलिबागला मासे खाऊ नका असं म्हणायचंय का तुम्हाला?

सुसाट

खा, पण मांडव्याला पोचल्यावर खा. तळलेली सुरमई पोटात घेऊन वीस किलोमीटर वाऱ्याविरुद्ध चालवणं कठीण. अलिबागला सोलकढी आणि थोडा भात पुरे.

रानमोगरा

परत आले. सीट वर घेतल्यावर गुडघा खरंच शांत आहे. आणि रविवारी आम्ही दोघं गोराई-उत्तन करून आलो, "चढाला हळू माणूस पुढे" हा नियम लावून. मी पुढे होते. चढावर छान जमलं. पण उतारावर गडबड झाली. मी ब्रेक धरून उतरते, नवरा जड, त्याची सायकल आपोआप वेग घेते. तो मागे असल्यामुळे त्याला सतत ब्रेक दाबावा लागला आणि एका वळणावर तो माझ्या फार जवळ आला. तुम्ही उतारावर काय करता?

खाडीपल्याड

हे मी लिहायला हवं होतं, बरं झालं विचारलंत. माथ्यावर थांबून जागा बदलायची. उतारावर जो वेगाने उतरतो तो पुढे, आणि दुसऱ्याने निदान पाच-सहा सायकलींचं अंतर सोडून यायचं. उतारावर आडोशाची गरज नसते, तिथे जवळ राहण्यात काहीच फायदा नाही. खाली सपाटी लागली की पुढच्याने पायडल मारणं थांबवायचं, मागचा येऊन त्याच्या चाकामागे लागेपर्यंत. कर्नाळ्याच्या माथ्यावर आम्ही हेच केलं, ती आधी उतरली. आणि ब्रेक सलग दाबून ठेवू नका, दाबा-सोडा करा, रिम ब्रेक असतील तर रिम तापते.

जुनं पायडल

ताई, रविवारी पनवेलला जाऊन आलो. शेजारचा मुलगा बरोबर होता, गिअरवाली सायकल त्याची. येताना ऐरोली पुलावर वारा लागला तेव्हा तो आपणहून पुढे झाला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, त्याने हा धागा वाचला होता. मनगटं दुखतायत, बाकी ठीक. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मधल्या वारी मांडवा करायचं म्हणतोय. रो-रोत काळी सायकल ठेवायची म्हणजे बांधायला दोरी लागेल का?

खाडीपल्याड

एक सुती दोरी असू द्या काका, स्टँडवरची सायकल बोट हलली की पडू शकते. कठड्याला चाक आणि दांडा असा दोन ठिकाणी बांधा. तारीख ठरली की इथे लिहा, मधला वार असेल तर आम्ही दोघी पळस्प्याला येऊन मिळतो.